सामाईक वस्तूची वहिवाट

फंक्शनला एखादी बदलता येण्याजोगी वस्तू सोपवली जाते तेव्हा नेमके काय सोपवले जाते, या प्रश्नाला प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकांत सहसा दोन-तीन पाने मिळतात. चालू प्रणालींच्या देखभालीत ज्यांची वर्षे गेली त्यांनी आपल्या वेळेचा हिशेब मांडला, तर या प्रश्नाने खाल्लेले तास आणि ती दोन-तीन पाने यांचा काही मेळ बसत नाही. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा आणि स्वतःचे नाव असलेला आज्ञांचा गट. त्याला कामासाठी बाहेरून जे दिले जाते ते आर्ग्युमेंट, आणि आत ते ज्या नावाने ओळखले जाते तो पॅरामीटर. दिलेली गोष्ट ५ हा आकडा असेल तर फारसे बिघडत नाही, कारण ५ चे कोणी ६ करू शकत नाही (निदान तसे मानले जाते, एक अपवाद पुढे येणार आहे). परंतु दिलेली गोष्ट यादी, ऑर्डर किंवा खाते यांसारखी असेल, म्हणजे स्वतःची ओळख कायम ठेवून जिचा आतला मजकूर बदलता येतो अशी परिवर्तनीय वस्तू असेल, तर फंक्शनने आत केलेला बदल बाहेर दिसतो की नाही, आणि दिसत असेल तर तो करण्याचा अधिकार त्या फंक्शनला कोणी दिला, हे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. यांतील पहिल्याचे उत्तर भाषेच्या नियमपुस्तकात सापडते आणि दुसऱ्याचे बहुतेक भाषांत कुठेच लिहिलेले नसते.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या अनेक पिढ्यांची या विषयाशी पहिली ओळख ‘सी’ भाषेतून झाली, आणि तीही पुष्कळदा नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकातून. दोन आकड्यांची अदलाबदल करणारे फंक्शन लिहायचे, ते चालत नाही हे पाहायचे, मग आकड्यांऐवजी त्यांचे पत्ते पाठवायचे आणि ते चालते हे पाहायचे. पहिल्या प्रकाराला ‘कॉल बाय व्हॅल्यू’ आणि दुसऱ्याला ‘कॉल बाय रेफरन्स’ म्हणायचे, हा धडा जवळजवळ सर्वांच्या वहीत सारखाच आढळतो. काटेकोरपणे पाहता १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या भाषेत दुसरा प्रकार मुळात नाहीच. ‘सी’ प्रत्येक आर्ग्युमेंटची नक्कल करूनच देते, फक्त ती नक्कल कधी आकड्याची असते आणि कधी पत्त्याची. शिकवण्याच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड एरवी क्षम्य ठरली असती; पण व्हॅल्यू आणि रेफरन्स अशी दोनच घरे असलेली ही पेटी घेऊन विद्यार्थी पुढे जावा किंवा पायथॉन यांच्याकडे वळतो, तेव्हा समोर दिसणारी गोष्ट त्याला दोहोंपैकी एका घरात नीट बसवता येत नाही. पुण्या-मुंबईतील नोकरीच्या मुलाखतींत ‘जावामध्ये ऑब्जेक्ट व्हॅल्यूने जातो की रेफरन्सने’ हा प्रश्न जितक्या ठरावीकपणे विचारला जातो तितक्याच ठरावीकपणे त्याचे पाठ केलेले उत्तर येते, आणि उत्तर बरोबर असो वा चूक, ते देणाऱ्याला पुढच्या महिन्यात कोणता दोष सापडेल आणि कोणता नाही याविषयी त्यातून फारसे काही कळत नाही.

या भाषांत जे घडते ते समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला सातबारा उताऱ्याचे उदाहरण उपयोगी पडावे. समजा, एकाच गटाच्या उताऱ्याच्या दोन नकला दोघांच्या हाती आहेत. दुसऱ्याने आपल्या हातातली नक्कल फाडून टाकली आणि तिच्या जागी भलत्याच गटाचा उतारा धरला, तर पहिल्याचे काहीच बिघडत नाही, कारण त्याचा कागद वेगळा आहे. पण त्याच नकलेवरील गट क्रमांक वाचून दुसरा शेतावर गेला आणि त्याने तिथली आंब्याची झाडे तोडली, तर पहिल्याच्या कागदाला धक्काही न लागता शेत मात्र दोघांसाठी बदललेले असते. पायथॉनमध्ये पॅरामीटरच्या नावाला नवी यादी नेमून देणे हे कागद बदलण्यासारखे आहे आणि त्याच यादीत एखादी नोंद घालणे हे शेतात नांगर घालण्यासारखे. उपमा याहून ताणण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग एवढाच की ‘नक्कल दिली’ आणि ‘जमीन एकच’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात हे तिच्यामुळे दिसते.

या व्यवस्थेला नेमके नाव देण्याचे श्रेय बार्बरा लिस्कोव्ह यांच्याकडे जाते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘क्लू’ ही भाषा तयार केली आणि तिच्यातील पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’, म्हणजे सामाईकीने सोपवणे, असे म्हटले: बोलावणारे आणि बोलावलेले फंक्शन यांच्यात वस्तू सामाईक असते, नावे मात्र ज्याची त्याची. जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि रुबी या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषांत वस्तूंच्या बाबतीत हीच पद्धत आहे. लिस्कोव्ह यांना २००८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तरीही त्यांनी दिलेले हे नेमके नाव मुलाखतींच्या खोल्यांत क्वचितच ऐकू येते. भांडण अजून त्या जुन्या दोन घरांतच चालते.

त्याआधीच्या भाषांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली ती पाहिली म्हणजे आजची पद्धत किती उशिरा स्थिरावली याची कल्पना येते. आयबीएमने १९५७ मध्ये आणलेल्या फॉरट्रानला १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीनची जोड मिळाली. आर्ग्युमेंटचा स्मृतीतील पत्ता तिला द्यायचा, ही रीत पुढे रूढ झाली. काही जुन्या कंपायलरांत स्थिरांकही स्मृतीतल्या एखाद्या जागी ठेवलेला असे. २ हा आकडा आर्ग्युमेंट म्हणून दिला आणि सबरूटीनने आपल्या पॅरामीटरमध्ये ३ भरले, की त्यापुढे आज्ञावलीत जिथे जिथे २ लिहिले आहे तिथे तिथे यंत्र ३ वाचत असे. वर म्हटलेला अपवाद तो हाच. अल्गोल ६० ने अगदी वेगळी वाट घेतली: ‘कॉल बाय नेम’ या पद्धतीत आर्ग्युमेंटची किंमतही जात नसे आणि पत्ताही जात नसे, तर ती मांडणीच पॅरामीटरच्या जागी ठेवल्यासारखी दर वापराला नव्याने मोजली जात असे. कोपनहेगनच्या येर्न येन्सन यांनी याचा फायदा घेऊन एक चतुर युक्ती काढली, जी त्यांच्याच नावाने ओळखली जाते: बेरीज करणाऱ्या फंक्शनला निर्देशांक आणि त्या निर्देशांकावर अवलंबून असलेले पद अशी दोन्ही आर्ग्युमेंटे द्यायची, म्हणजे फंक्शनने आत निर्देशांक वाढवला की पद आपोआप बदलते. याच पद्धतीत अदलाबदलीचे साधे फंक्शन मात्र फसते. निर्देशांक १ आहे आणि यादीच्या पहिल्या घरात ३ आहे असे धरले, तर निर्देशांक आणि ते घर यांची अदलाबदल करताना निर्देशांक आधी ३ होतो, आणि मग जुना १ पहिल्या घरात जाण्याऐवजी तिसऱ्या घरात जाऊन बसतो, कारण ‘निर्देशांकाचे घर’ या शब्दांचा अर्थ मधल्या काळात बदललेला असतो. पद्धत तर्काने निर्दोष होती आणि वापरणाऱ्याच्या डोक्याला असह्य. पुढच्या बहुतेक भाषांनी ती सोडली यात नवल नाही.

सामाईकीची पद्धत तुलनेने सरळ आहे, आणि बहुधा म्हणूनच तिच्यातील अडचण उशिरा लक्षात येते. प्रस्तुत लेखकाने ज्या देखभाल-गटात काम केले त्याच्याकडे घाऊक मालाच्या ऑर्डरी नोंदवून बिले काढणारी, पायथॉनमध्ये लिहिलेली एक प्रणाली होती. तिच्याविषयी येणारी तक्रार विचित्र होती: काही ग्राहकांना ठरलेल्या १० टक्क्यांऐवजी १९ टक्के सवलत मिळत होती, आणि तीच ऑर्डर तपासण्यासाठी पुन्हा चालवली की बिल बरोबर येत होते. सवलतीचे सूत्र दोनदा नव्हे तर दहादा तपासले गेले आणि त्यात काहीही चूक नव्हती. बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आले की १९ हा आकडाच बोलका आहे. १००० रुपयांवर १० टक्के सवलत देऊन ९०० आणि त्या ९०० वर पुन्हा १० टक्के देऊन ८१० होतात, म्हणजे सवलत दोनदा लागते आहे. जो ग्राहक बिल छापण्याआधी पडद्यावर त्याचे पूर्वदर्शन पाहत होता, त्याच्या ऑर्डरीवर सवलतीचे फंक्शन एकदा दाखवण्यासाठी आणि एकदा छापण्यासाठी असे दोन वेळा चालत होते. जो थेट छापत होता त्याला योग्य बिल मिळत होते, आणि तपासणारे कर्मचारी घाईत असल्यामुळे नेहमी थेटच छापत होते. ते फंक्शन रक्कम काढून परत देण्याऐवजी ऑर्डरीतील ओळींवरच्या किमती जागच्या जागी बदलत होते, आणि त्याच्या नावावरून, पॅरामीटरवरून किंवा परत दिलेल्या उत्तरावरून हे कळण्याची काहीच सोय नव्हती.

या शोधात वेळ का गेला हे सांगणे आवश्यक आहे, कारण दोषाचा गाभा तिथेच आहे. चुकीची किंमत जिथे दिसते ती जागा आणि ती किंमत जिथे बदलली गेली ती जागा यांच्यात आज्ञावलीच्या पानांवर कोणताही दुवा नसतो. दुवा असतो तो चालत्या स्मृतीतल्या एका वस्तूचा, जिला अनेक ठिकाणी अनेक नावे आहेत. एकाच वस्तूला दोन नावे असण्याच्या या स्थितीला अलायसिंग म्हणतात. अशा वेळी साधनेही कधीकधी दिशाभूल करतात: ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एखादी वस्तू छापून नंतर उलगडली, तर छापण्याच्या क्षणी नव्हे, उलगडण्याच्या क्षणी तिच्यात जे असेल ते दिसते, आणि त्यामुळे बदल होण्याआधीची स्थिती पाहू इच्छिणाऱ्यापुढे बदलानंतरचीच स्थिती येते.

दोषाचे स्थान कळल्यावर दुरुस्ती एका ओळीची वाटली होती, तशी ती निघाली नाही. पहिल्या प्रयत्नात फंक्शनने ऑर्डरीची नक्कल काढून तिच्यावर काम करावे असे ठरले. पण काढली गेली ती उथळ नक्कल, म्हणजे यादी नवी आणि यादीतील ओळी त्याच जुन्या, जणू उताऱ्यांची फाइल झेरॉक्स करून शेत दुप्पट झाल्याचे समाधान मानावे. किमती ओळींवर असल्याने १९ टक्के कायम राहिले. दुसऱ्या प्रयत्नात खोल नक्कल वापरली गेली, जी वस्तूच्या आतील वस्तू, त्यांच्याही आतील वस्तू असा मागोवा घेत सर्वांच्या नकला करते. उत्तर बरोबर आले, आणि प्रणाली इतकी मंदावली की दुसऱ्याच दिवशी वेगळी तक्रार आली. कारण ऑर्डरीत ग्राहकाचा संदर्भ होता, ग्राहकात त्याच्या सर्व जुन्या ऑर्डरींचा, आणि प्रत्येक पूर्वदर्शनासाठी त्या बिचाऱ्या दुकानदाराचा सगळा इतिहास नव्याने उतरवून काढला जात होता. वस्तूची हद्द कुठे संपते हे नक्कल करणाऱ्या यंत्राला ठाऊक नसते. ते माणसानेच ठरवायचे असते, आणि या प्रणालीत ते कोणीही ठरवलेले नव्हते.

याच प्रणालीच्या अहवाल-विभागात दुसरा एक दोष वर्षभर ‘दुपारी अहवाल लांबतात’ अशा नावाने नोंदवहीत पडून होता. पायथॉनमध्ये पॅरामीटरला काही दिले नाही तर वापरायची पूर्वनिश्चित किंमत फंक्शनची व्याख्या अमलात येते त्या वेळी एकदाच तयार होते, दर वेळी नव्याने नव्हे. तिथे रिकामी यादी लिहिली असेल तर ती एकच यादी नंतरच्या सर्व वापरांत सामाईक राहते आणि एकाने तिच्यात घातलेले पुढच्याच्या वाट्याला येते. सर्व्हर रोज रात्री बंद करून पुन्हा चालू होत असल्याने सकाळी ती यादी खरोखरच रिकामी असे, आणि दुपारपर्यंत तिच्यात इतरांच्या अहवालातील ओळी साचत. चाचण्या दर वेळी नवी प्रक्रिया सुरू करत असल्याने त्यांना हे कधीच दिसले नाही. या दोषावरचा उपाय, म्हणजे यादीऐवजी ‘नन’ ही रिकामेपणाची खूण देऊन आत नवी यादी करणे, भाषेच्या अधिकृत मार्गदर्शनातच सांगितलेला आहे; तो आधीच ठाऊक असणारे लोकही गटात होते, पण त्यांनी ती ओळ वाचली नव्हती.

भाषा बदलली म्हणून गोंधळ संपतो असे नाही. त्याची जागा तेवढी बदलते. गो भाषेत स्लाइस ही गोष्ट पत्ता, लांबी आणि क्षमता अशा तीन नोंदींचे छोटे शीर्षक असते. फंक्शनला या शीर्षकाची नक्कल मिळते, पण त्यातील पत्ता त्याच स्मृतीकडे बोट दाखवतो. आत कोणी नवा घटक जोडला तर क्षमता शिल्लक असेपर्यंत तो जुन्याच जागेत लिहिला जातो आणि क्षमता संपली की सगळे नव्या जागी हलवले जाते, त्यामुळे त्यानंतरचा बदल बाहेर दिसेल की नाही हे त्या वेळी किती जागा शिल्लक होती यावर ठरते. पायथॉनमध्ये साध्या यादीचा तुकडा काढला तर नक्कल मिळते, आणि नमपाय या गणिती संग्रहातील ॲरेचा तसाच तुकडा काढला तर मूळ स्मृतीवरची खिडकी मिळते; लिहिण्याची खूण दोन्हीकडे एकच. पीएचपीने तर स्वतःच्याच आयुष्यात बाजू बदलली: चौथ्या आवृत्तीपर्यंत ऑब्जेक्ट सोपवताना त्याची नक्कल होत असे, आणि २००४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ती सामाईकीकडे वळली.

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर काही भाषांनी फंक्शनच्या सहीतच, म्हणजे त्याचे नाव आणि पॅरामीटर जाहीर करणाऱ्या ओळीतच, लिहिण्याचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटतो. निक्लाउस विर्थ यांच्या पास्कलमध्ये पॅरामीटरआधी ‘व्हार’ लिहिले असेल तरच आतला बदल बाहेर पोहोचतो; अडाने ‘इन’, ‘आउट’ आणि ‘इन आउट’ असे तीन स्पष्ट प्रकार केले; सी++ मधील ‘कॉन्स्ट’ हा शब्द, या नावाने वस्तू बदलता येणार नाही, अशी हमी देतो, पण दुसऱ्या नावाने ती कोणी बदलणार नाही अशी हमी देत नाही. जावातील ‘फायनल’ आणि जावास्क्रिप्टमधील ‘कॉन्स्ट’ यांच्याविषयीचा गैरसमज तर इतका पसरलेला आहे की त्याकडे वेगळे बोट दाखवणे भाग आहे: ते नावाला जागी खिळतात, वस्तूला नाही. २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने ॲरेला किमतीचा दर्जा दिला, म्हणजे सोपवल्यावर ती स्वतंत्र मानली जाते आणि खरी नक्कल मात्र पहिला बदल होईपर्यंत पुढे ढकलली जाते. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टने सर्वांत कडक भूमिका घेतली: वस्तूला एक मालक असतो, इतरांना ती उसनी मिळते, आणि एका वेळी एकतर कितीही जणांनी ती केवळ वाचावी किंवा एकट्याने बदलावी, हा नियम मोडणारी आज्ञावली कंपायलर स्वीकारतच नाही. नवशिके याला छळ म्हणतात. १९ टक्क्यांच्या शोधात काही आठवडे घालवलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही.

जावाच्या जगात हाच धडा लोकांसमोर आला होता. १९९७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की त्या वेळच्या आवृत्तीत, एखाद्या क्लासवर कोणाची सही आहे हे सांगणारे फंक्शन आपली आतली मूळ ॲरेच बाहेर देत होते, त्यामुळे परका कार्यक्रम तिच्यात विश्वासार्ह सही घालून स्वतःला मोठे अधिकार मिळवू शकत होता. तिथे नक्कल परत द्यायला हवी होती. तारखेच्या बाबतीत जावाने आणखी उशीर केला: जुनी तारखेची वस्तू परिवर्तनीय होती, आणि कोणाला तरी कराराची तारीख वाचायला दिली की तो ती पुढे ढकलू शकत असे. २०१४ मधील आठव्या आवृत्तीतील नव्या तारखा बदलताच येत नाहीत; एक दिवस मिळवला की नवी तारीख मिळते आणि जुनी होती तशी राहते.

बिलांच्या त्या प्रणालीत अखेर हाच मार्ग धरला गेला. ऑर्डरीच्या ओळी अपरिवर्तनीय केल्या गेल्या, सवलतीचे फंक्शन किमतींना हात न लावता सवलतीनंतरच्या नव्या ओळी परत देऊ लागले, आणि ‘सवलत लावा’ अशा अर्थाचे त्याचे नाव जाऊन ‘सवलतीच्या ओळी’ अशा अर्थाचे नाव आले, ज्यामुळे निदान ते आज्ञा देत नाही, उत्तर देते, हे वाचणाऱ्याला कळावे. पूर्वदर्शन पाहा किंवा पाहू नका, बिल ९०० चेच येऊ लागले. दिवसअखेरची गोळाबेरीज काढणाऱ्या भागात मात्र सवलतीचे फंक्शन कधीच कोणी बोलावलेले नव्हते. छपाईने आधीच बदलून ठेवलेल्या ओळी त्याच्या हाती येत होत्या, म्हणून ती गोळाबेरीज इतकी वर्षे बिलांशी बिनचूक जुळत होती. दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच संध्याकाळी तिच्यात १००० रुपयांची ऑर्डर १००० चीच दिसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत नवी तक्रार लिहिली गेली की प्रणालीतून सवलत गायब झाली आहे.